एकच धडा, चारशे फोन: सुरगाण्यातल्या एका टॉवरवर हे जमेल का?

संध्याकाळचे सात वाजलेत. सुरगाणा तालुक्यातलं, गुजरातच्या हद्दीजवळचं एखादं गाव डोळ्यासमोर आणा. दहावीच्या चाळीस मुलांना गणिताचा एकच धडा बघायचाय, ४५ मिनिटांचा. गावाला एकच मोबाइल टॉवर, तोही डोंगराच्या पलीकडे. पहिल्या पाच-सहा जणांचा व्हिडिओ सुरू होतो. दहाव्याचा अडकत अडकत चालतो. विसाव्याच्या फोनवर नुसतं गोल चक्र फिरत राहतं.

प्रसंग काल्पनिक आहे, गणित खरं आहे. या चाळीस मुलांना वेगवेगळं काही नकोय. तोच धडा, तोच फळा, तीच शिक्षिका. तरीही टॉवर त्या धड्याच्या चाळीस वेगळ्या प्रती हवेतून पाठवतोय.

असं का होतं? आणि एकच प्रत पाठवून चाळीस काय, चारशे जणांना ती हवी तेव्हा पहिल्यापासून बघता येईल, असं काही करता येतं का? येतं. त्याची युक्ती १९९० च्या दशकातच सापडली होती. ती समजायला बेरीज-भागाकार आला तरी पुरे.

प्रत्येकाला वेगळी प्रत का?

यूट्यूब, नेटफ्लिक्स, हॉटस्टार ज्या पद्धतीनं व्हिडिओ पाठवतात तिला युनिकास्ट म्हणतात. तुम्ही प्ले दाबलं की तुमचा फोन आणि सर्व्हर यांच्यात एक खासगी नळ सुरू होतो. शेजारच्याने तेच गाणं लावलं तर त्याचा नळ वेगळा.

साध्या ४८०पी दर्जाच्या व्हिडिओला सेकंदाला सुमारे १ मेगाबिट लागतात असं धरू. चाळीस मुलं म्हणजे ४० मेगाबिट, चारशे मुलं म्हणजे ४००. टॉवरची क्षमता मात्र ठरलेली असते आणि ती त्या दिशेच्या सगळ्या फोनांत वाटली जाते. शिवाय फोन जितका लांब किंवा डोंगराआड, तितका तेवढ्याच माहितीला टॉवरचा वेळ जास्त जातो. त्यामुळे नाशिक शहरात सहज चालणारा हिशेब उंबरठाण किंवा पांगारण्याच्या बाजूला कोलमडतो.

याच्या उलट टीव्ही किंवा आकाशवाणी. प्रक्षेपण एकदाच होतं, ऐकणारा एक असो की एक कोटी. याला ब्रॉडकास्ट म्हणतात. इथं प्रेक्षक वाढला म्हणून खर्च वाढत नाही. अडचण एकच, वेळ त्यांची असते, आपली नाही.

कोविडच्या काळात महाराष्ट्रानं हे अनुभवलं. जुलै २०२० मध्ये दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर एमकेसीएल नॉलेज फाउंडेशनची 'टिलीमिली' ही मालिका सुरू झाली. पहिली ते आठवीच्या मुलांसाठी, इयत्तेनुसार ठरलेल्या वेळेला. इंटरनेट नसलेल्या घरांपर्यंत ती पोचली, हे तिचं मोठं यश. पण ऐन जुलैत, भाताच्या लावणीच्या दिवसांत, सकाळी घरच्यांबरोबर खाचरात उतरलेल्या मुलीचा भाग हुकला म्हणजे हुकला.

म्हणजे एका बाजूला 'हवं तेव्हा, पण प्रत्येकाला वेगळी प्रत' आणि दुसऱ्या बाजूला 'सगळ्यांना एक प्रत, पण आमच्या वेळेला'. व्हिडिओ ब्रॉडकास्टिंगच्या सगळ्या युक्त्या या दोन टोकांच्या मधल्या जागेत आहेत.

पहिली युक्ती: जीप भरल्यावर निघेल

सगळ्यात साधा उपाय म्हणजे थोडं थांबायचं. पहिल्या मुलानं धडा मागितला की लगेच न पाठवता पाच मिनिटं वाट बघायची. तेवढ्यात आणखी दहा जणांनी मागितला तर अकरा जणांना मिळून एकच प्रत पाठवायची. सुरगाण्याच्या रस्त्यांवरची वडाप जीप हेच करते, सीटा भरल्या की निघते. आयबीएमच्या असित डॅन, दिनकर सीताराम आणि परवेझ शहाबुद्दीन यांनी १९९४ मध्ये याचं शास्त्र मांडलं. नाव दिलं बॅचिंग.

जीपची अडचण तुम्हाला ठाऊक आहे. मागणी कमी असली की ताटकळत बसावं लागतं, आणि कधी निघेल ते सांगता येत नाही.

दुसरी युक्ती: एसटीचं वेळापत्रक

मग एसटीसारखं करावं. कोणी येवो न येवो, ठरावीक वेळानं गाडी सुटणार. ४५ मिनिटांचा धडा चार वाटांवरून पाठवायचा, प्रत्येक वाट आधीच्या वाटेच्या सव्वाअकरा मिनिटं मागून सुरू करायची. चारही वाटांवर धडा संपला की पुन्हा पहिल्यापासून. तुम्ही कधीही या, फार तर सव्वाअकरा मिनिटांत धड्याची सुरुवात मिळेल. याला स्टॅगर्ड ब्रॉडकास्टिंग म्हणतात. हवं तेव्हा नाही, पण त्याच्या बरंच जवळ.

(इथून पुढे 'चॅनेल' म्हणजे टीव्हीवरची वाहिनी असा अर्थ घेऊ नका. एक व्हिडिओ नेहमीच्या वेगानं जाईल एवढी एक वाट, इतकाच अर्थ.)

भारतात हा प्रकार आपण वेगवेगळ्या रूपांत पाहिलाय. टाटा स्कायच्या 'शोकेस'सारख्या पे-पर-व्ह्यू सेवांमध्ये सिनेमाचे खेळ ठरलेल्या वेळांना लागायचे. याहून महत्त्वाचं उदाहरण मात्र केंद्र सरकारच्या 'स्वयंप्रभा'चं आहे. जुलै २०१७ मध्ये सुरू झालेल्या या प्रकल्पात सुरुवातीला ३२ शैक्षणिक वाहिन्या होत्या. जीसॅट-१५ उपग्रहावरून त्या दिसतात, दूरदर्शनच्या फ्री डिशवर, मासिक भाड्याशिवाय. रोज किमान चार तासांचा नवा मजकूर आणि तोच दिवसात आणखी पाच वेळा, अशी तिची रचना ठरली. चार सक चोवीस. सकाळचं हुकलं तर दुपारी, दुपारचं हुकलं तर रात्री.

बऱ्याच जणांना वाटतं की मजकूर कमी पडतो म्हणून तेच तेच दाखवतात. तसं नाही. प्रेक्षकाला वेळ निवडता यावी म्हणूनच ही पुनरावृत्ती आहे. फक्त तिची किंमत मोठी आहे, कारण एकाच वाटेवर सगळं फिरवलं की हुकलेला धडा परत यायला चार तास लागतात. वाटा वाढवल्या की थांबणं कमी होतं, पण फार संथपणे. चार चॅनेलांना सव्वाअकरा मिनिटं, पाचांना नऊ, सहांना साडेसात. थांबणं पाऊण मिनिटाच्या आत आणायचं तर साठाहून जास्त चॅनेल हवेत. म्हणजे चाळीस मुलांसाठी साठ प्रती! त्यापेक्षा युनिकास्टच परवडलं.

इथं १९९० च्या दशकातले संशोधक अडकले होते.

ऑर्लँडोतला महागडा प्रयोग

त्या काळाची थोडी पार्श्वभूमी. डिसेंबर १९९४ मध्ये टाइम वॉर्नर कंपनीनं अमेरिकेतल्या ऑर्लँडो शहरात 'फुल सर्व्हिस नेटवर्क' नावाची सेवा सुरू केली. घरच्या टीव्हीवर सिनेमा निवडा, लगेच बघा, मध्येच थांबवा, मागे न्या. प्रत्येक घराला वेगळी प्रत. सुमारे चार हजार घरांपर्यंत ती पोचली आणि खर्च न परवडल्यानं १९९७ मध्ये बंद झाली. घरोघरी ठेवलेली पेटी म्हणजे जवळजवळ एक संगणकच होता.

लोकांना सगळे सिनेमे हवे असतात, पण एका संध्याकाळी बहुतेकांना त्यातले मोजकेच हवे असतात. मग त्या मोजक्या सिनेमांसाठी तरी प्रत्येकाला वेगळी प्रत का पाठवायची? हा प्रश्न अनेकांनी हातात घेतला. योगायोग असा, की पुढे यातल्या दोन महत्त्वाच्या पद्धती ऑर्लँडोतल्याच सेंट्रल फ्लोरिडा विद्यापीठातून आल्या.

खरी युक्ती: सुरुवात वारंवार, शेवट सावकाश

सुरगाणा, पेठ, जव्हार या पट्ट्यात बोहाडा होतो. रात्रभर एकेक सोंग येतं, आधी गणपती, मग सरस्वती, मग पुढची. उशिरा आलेल्याला गणपतीचं सोंग बघायचं असेल तर? पूर्ण बोहाडा पुन्हा करायची काही गरज नाही. गणपतीचं सोंग वेगळ्या अंगणात पुन्हा पुन्हा नाचत राहिलं आणि पाहुणा ते पाहून पुढच्या अंगणात गेला, तरी काम भागतं. पहाटेचं शेवटचं सोंग रात्रीतून एकदा आलं तरी पुरे. ते बघायला त्याला अजून वेळ आहे!

हीच कल्पना रटगर्स विद्यापीठातल्या विश्वनाथन आणि टोमाश इमिएलिन्स्की यांनी १९९५ मध्ये मांडली आणि तिला पिरॅमिड ब्रॉडकास्टिंग म्हटलं. व्हिडिओचे तुकडे करायचे, सुरुवातीचा लहान, पुढचे मोठे मोठे. लहान तुकडा सतत फिरवायचा. पुढचे तुकडे कमी वेळा फिरले तरी चालतात, कारण पहिला तुकडा बघता बघता तुमचं यंत्र ते साठवून ठेवतं.

तैवानच्या नॅशनल सेंट्रल विद्यापीठातले ली-शेन जुहन आणि ली-मिंग त्सेंग यांनी १९९८ च्या सुमारास याची सगळ्यात सोपी आवृत्ती काढली. तिचं नाव फास्ट ब्रॉडकास्टिंग. ती आपल्या धड्यावर लावून बघू.

४५ मिनिटांच्या धड्याचे तीन-तीन मिनिटांचे १५ तुकडे करा. चार चॅनेल घ्या. तीन मिनिटांचा एक घास धरला तर आठ घासांत चार चॅनेलांवर हे जाईल:

पहिलं चॅनेल: १, १, १, १, १, १, १, १
दुसरं चॅनेल: २, ३, २, ३, २, ३, २, ३
तिसरं चॅनेल: ४, ५, ६, ७, ४, ५, ६, ७
चौथं चॅनेल: ८, ९, १०, ११, १२, १३, १४, १५

आणि मग पुन्हा तेच, अखंड.

समजा एक मुलगी तिसऱ्या घासाच्या सुरुवातीला आली. तिचा फोन चारही चॅनेल एकदम ऐकू लागतो. त्या क्षणी हवेत तुकडे आहेत १, २, ६ आणि १०. ती १ बघते, फोन २, ६, १० साठवतो. पुढच्या घासात हवेत ३, ७ आणि ११ आहेत. ती साठवलेला २ बघते, फोन हे तिन्ही ठेवून देतो. मग ती ३ बघत असताना तिसऱ्या चॅनेलवर ४ येतो. ४ बघत असताना ५ येतो. ६ आणि ७ आधीच खिशात आहेत. आठवा तुकडा तिला दहाव्या घासात लागणार, तो नवव्या घासात येऊन गेलेला असेल. एकही तुकडा चुकत नाही, एकदाही चक्र फिरत नाही. वाटल्यास कागदावर दुसऱ्या वेळी आलेल्या मुलासाठी करून बघा. तो कुठल्याही घासाला आला तरी जमतं.

का जमतं? कारण चौथ्या चॅनेलवरचा प्रत्येक तुकडा आठ घासांत एकदा येतोच, आणि त्यातल्या पहिल्या तुकड्याची गरज आठव्या घासाआधी पडत नाही. तिसऱ्या चॅनेलला चार घासांची मुदत, दुसऱ्याला दोन. प्रत्येक तुकडा त्याच्या मुदतीच्या आत किमान एकदा दारावरून गेला पाहिजे, एवढाच नियम.

आता आकडे बघा. चारच चॅनेल, पण थांबणं सव्वाअकरावरून तीन मिनिटांवर आलं. पाचवं चॅनेल जोडलं की तुकडे ३१ होतात आणि थांबणं दीड मिनिटाच्याही आत येतं. सहावं जोडलं की ६३ तुकडे, थांबणं सुमारे ४३ सेकंद. प्रत्येक नव्या चॅनेलमागे थांबणं जवळजवळ निम्मं होत जातं. आधीच्या पद्धतीत यालाच साठाहून जास्त चॅनेल लागत होते.

आणि चार चॅनेल म्हणजे सेकंदाला ४ मेगाबिट. बघणारे चाळीस असले तरी ४, चारशे असले तरी ४.

याहून कमी होऊ शकतं का?

होऊ शकतं, थोडंसं. जुहन आणि त्सेंग यांनीच १९९७ मध्ये हार्मोनिक ब्रॉडकास्टिंग मांडलं होतं. त्यांचा तर्क असा: पहिला मिनिट दर मिनिटाला लागतो, म्हणून त्याला पूर्ण चॅनेल द्या. दुसरा मिनिट दर दोन मिनिटांनी लागतो, त्याला अर्धं चॅनेल पुरे. तिसऱ्याला एक तृतीयांश, दहाव्याला एक दशांश. सगळं मिळून किती? ४५ मिनिटांच्या धड्याला सुमारे ४.४ चॅनेल, आणि थांबणं मिनिटभर. दोन तासांच्या सिनेमाला हाच हिशेब लावला तर येतात ५.४. लांबी अडीच पटीहून वाढली, खर्च फक्त एका चॅनेलनं. ही बेरीज अशीच हळूहळू वाढते, आणि या सगळ्या विषयाचा जीव त्या संथ वाढीत आहे.

मूळ पद्धतीत एक चूक होती. मंद वेगानं येणारा तुकडा मधूनच ऐकायला सुरुवात केली, तर त्याचा शेवट आधी आणि सुरुवात नंतर हाती येऊ शकते. म्हणजे ऐन बघायच्या वेळी सुरुवातच गायब. जेहान-फ्रान्स्वा पॅरिस, स्टीव्हन कार्टर आणि डॅरेल लाँग यांनी ती दाखवून दिली आणि दुरुस्त्याही सुचवल्या. सगळ्यात सोपी दुरुस्ती म्हणजे आणखी एक घास थांबायचं. पुढे याच तिघांनी पगोडा ब्रॉडकास्टिंग काढलं. त्यात तुकडे सगळे सारखे, चॅनेलही सारख्या वेगाचे, फक्त वेळापत्रक जास्त हुशार. तीन चॅनेलांत फास्ट पद्धत ७ तुकडे बसवते, पगोडा ९. आपल्या धड्यासाठी थांबणं साडेसहाच्या आसपासवरून पाच मिनिटांवर.

प्रामाणिकपणे सांगायचं तर या शेवटच्या फेरीतले फायदे सामान्य माणसाला जाणवणारे नाहीत. मोठी उडी पिरॅमिडच्या कल्पनेनं मारली, बाकीच्यांनी ती घासून चकचकीत केली.

किंमत कोण देतं?

ही बचत फुकट नाही. ओझं टॉवरवरून उतरून तुमच्या यंत्रावर येतं. फास्ट पद्धतीत चार चॅनेल एकदम ऐकावी लागतात आणि व्हिडिओचा जवळजवळ अर्धा भाग साठवून ठेवावा लागतो. १९९५ मध्ये घरच्या टीव्हीच्या पेटीत इतकी साठवण घालणं परवडणारं नव्हतं. म्हणून सेंट्रल फ्लोरिडा विद्यापीठाच्या किएन हुआ आणि सायमन शू यांनी १९९७ मध्ये स्कायस्क्रेपर पद्धत आणली. तिचे तुकडे १, २, २, ५, ५, १२, १२ अशा मापाचे, आणि यंत्राला एका वेळी दोनच चॅनेल ऐकावी लागतात. बदल्यात थांबणं वाढतं. सात चॅनेलांत दोन तासांचा सिनेमा घेतला तर स्कायस्क्रेपरमध्ये सुमारे तीन मिनिटं, फास्टमध्ये एका मिनिटाच्या आत.

त्याच विद्यापीठातून १९९८ मध्ये पॅचिंग आलं, आणि ते मला जास्त व्यवहारी वाटतं. धडा सगळ्यांसाठी सुरू होऊन चार मिनिटं झाली आणि तुम्ही आलात. तुमचा फोन चालू असलेलं प्रक्षेपण साठवायला लागतो आणि हुकलेली चार मिनिटं फक्त तुमच्यासाठी वेगळी मागवतो. ती बघून झाली की तुम्ही साठवलेल्यावर सरकता. खासगी नळ चारच मिनिटं चालला, पंचेचाळीस नाही. थांबणं शून्य.

साठवणीचा प्रश्न आता उरलेला नाही. आपला ४५ मिनिटांचा धडा सुमारे ३४० एमबीचा, त्याचा अर्धा १७० एमबी. स्वस्तातल्या फोनमध्येही एवढं मावतं, गुड मॉर्निंगचे फोटो थोडे कमी केले तर नक्कीच.

मग नेटफ्लिक्स हे का वापरत नाही?

इथंच बरेच लेख घाई करतात आणि 'कंपन्यांना जनतेची पर्वा नाही' असं म्हणून मोकळे होतात. कारण वेगळं आहे.

चार चॅनेल चोवीस तास चालवायला चार चॅनेलांचा खर्च येतो, बघणारं कोणी नसलं तरी. म्हणून हिशेब सरळ आहे: एका वेळी तोच व्हिडिओ बघणारे चारपेक्षा जास्त असतील तरच ब्रॉडकास्ट परवडतं. दोघंच असतील तर दोन वेगळ्या प्रती स्वस्त. नेटफ्लिक्स, यूट्यूबवर अगणित व्हिडिओ आहेत आणि त्यातल्या बहुतेकांना एका परिसरात एका वेळी चार प्रेक्षकही नसतात. शिवाय प्रेक्षकाला पुढे ढकलायचं असतं, मागे यायचं असतं. वेळापत्रकावर फिरणाऱ्या तुकड्यांना ते सहज जमत नाही. आणि एकच प्रत वाटेत फाटे फोडत पाठवायची तर मधल्या प्रत्येक कंपनीच्या यंत्रांनी साथ द्यायला हवी, जी खुल्या इंटरनेटवर मिळाली नाही.

त्यामुळे जग दुसऱ्या वाटेनं गेलं. व्हिडिओच्या प्रती ग्राहकाच्या जवळच्या गोदामात आधीच नेऊन ठेवायच्या. नेटफ्लिक्सनं २०१२ मध्ये जाहीर केलेली 'ओपन कनेक्ट' योजना हीच, इंटरनेट कंपन्यांच्या इमारतीत नेटफ्लिक्सच्या पेट्या. १९ नोव्हेंबर २०२३ च्या विश्वचषक अंतिम सामन्यात हॉटस्टारवर एका वेळी ५.९ कोटी प्रेक्षक होते आणि तेही अशा गोदामांच्या जोरावर पेललं गेलं.

गोदाम नाशिकला असेल तर नाशिकपर्यंतचा प्रश्न सुटतो. टॉवर ते फोन हा शेवटचा तुकडा तसाच राहतो. शहरात तिथं फायबर आणि वायफाय आहे. सुरगाण्याच्या पाड्यांवर तोच तुकडा सगळ्यात बारीक आहे. म्हणजे जगानं जो प्रश्न सोडून दिला, तो इथं अजून जिवंत आहे.

सुरगाण्यात नेमकं काय उपयोगी?

२०२२ च्या अखेरीस सुरगाण्याच्या सीमेवरच्या काही गावांनी 'आम्हाला गुजरातेत सामील करा' अशी मागणी केली, ती मूलभूत सोयींच्या तक्रारीतून. त्याच वर्षी जुलैत केंद्रानं देशातल्या २४,६८० नेटवर्क नसलेल्या गावांत ४जी नेण्याची योजना मंजूर केली. टॉवर यायलाच हवेत, त्याला पर्याय नाही. पण टॉवर आला तरी वरचं चाळीस प्रतींचं गणित संपत नाही. गावात फोन वाढतात तसं ते पुन्हा डोकं वर काढतं.

आणि शाळेची मागणी ही ब्रॉडकास्टसाठी जणू मापून शिवलेली असते. अभ्यासक्रम एक, पुस्तक एक, परीक्षेची तारीख एक. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात शेकडो मुलांना तेच चार धडे हवे असतात. करमणुकीच्या ॲपला न परवडणारी पद्धत इथं परवडते.

नाशिकला याची जुनी ओळखही आहे. २० सप्टेंबर २००४ ला इस्रोनं शिक्षणासाठीचा एज्युसॅट उपग्रह सोडला. त्या प्रकल्पाच्या प्रायोगिक टप्प्यासाठी निवडलेल्या तीन विद्यापीठांत गोवर्धनचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ होतं. मात्र तेव्हा केंद्रावर जाऊन बसावं लागे, कारण साठवणारा फोन खिशात नव्हता.

आज दोन रस्ते दिसतात. एक डायरेक्ट टू मोबाइल, म्हणजे डी२एम. प्रसार भारती, आयआयटी कानपूर आणि बेंगळुरूची सांख्य लॅब्ज यांनी त्यावर काम केलंय. टीव्हीच्या लहरी थेट फोनमध्ये, सिम किंवा डेटा न खर्चता. जानेवारी २०२४ मध्ये १९ शहरांत चाचण्या घेण्याचं जाहीर झालं. यात वरच्या सगळ्या पद्धती वापरता येतील, कारण फोनला साठवण आहे. पण त्यासाठी फोनमध्ये वेगळी चिप हवी, आणि चाचण्यांची यादी शहरांपासून सुरू होते हे जरा उलटंच आहे. शहरी माणसाला याची गरज सर्वांत कमी.

दुसरा रस्ता साधा आहे आणि मला तो आधी व्हावासा वाटतो. शाळेत किंवा ग्रामपंचायतीत एक पेटी: डिश, साठवण आणि वायफाय. उपग्रहावरून रात्री धडे प्रक्षेपित होतात, प्रत्येक गावची पेटी ते टिपून ठेवते. दिवसा मुलं वायफायवरून हवा तो धडा हवा तेव्हा बघतात, मागे-पुढे करतात, टॉवरला हातही न लावता. आपल्या त्याच चार चॅनेलांचा वेग, म्हणजे ४ मेगाबिट, रात्री एक ते पाच वापरला तर ७.२ जीबी उतरतात. ४५ मिनिटांचे २१ धडे, एका रात्रीत, शंभर गावांना किंवा हजार गावांना.

पावसाचं काय? डीटीएच ज्या लहरी वापरतं त्या मुसळधार पावसात क्षीण होतात, आणि इथला पाऊस घाटमाथ्याचा. युनिकास्टमध्ये हरवलेलं पाकीट पुन्हा मागता येतं. ब्रॉडकास्टमध्ये हजार पेट्यांनी वेगवेगळी पाकिटं मागितली तर सगळा फायदाच बुडाला. यावर १९९८ मध्ये जॉन बायर्स, मायकल लुबी, मायकल मिट्झेनमाकर आणि अशुतोष रेगे यांनी 'डिजिटल कारंजं' ही कल्पना मांडली. मूळ फाइलचे तुकडे मिसळून पाकिटांचा अखंड ओघ सोडायचा. यातली कुठली पाकिटं मिळाली याला महत्त्व नाही, पुरेशी मिळाली की फाइल पुन्हा तयार होते. कारंज्याखाली घागर धरल्यावर कुठले थेंब पडले ते आपण विचारत नाही, तसं. मोबाइल प्रक्षेपणाच्या मानकांत याच कुळातल्या पद्धती पुढे स्वीकारल्या गेल्या. पावसाळ्यात २१ ऐवजी १० धड्यांचं वेळापत्रक ठेवून उरलेली रात्र या जादा पाकिटांना दिली, तर मध्ये दोन तास सिग्नल गेला तरी पेटी सकाळी भरलेली सापडेल.

उरतात त्या गोष्टी नेटवर्कच्या नाहीत. रात्री एक ते पाच वीज हवी, म्हणजे सौर पॅनेल आणि बॅटरी आली. वादळानं डिश हलली तर ती पुन्हा नेमक्या दिशेला वळवता येणारं गावात कोणी हवं. आणि पेटी शाळेत ठेवली तर संध्याकाळी सातला, खाचरातून परतलेल्या मुलीला वायफाय मिळेल इतक्या अंतरावर, शाळेचं फाटक उघडं हवं.